एक नंबरची खाट

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, रात्र रात्र नाटकं आणि दंडारी चालतात आणि एका घोंगडीत चार-चार जण बसून ते बघतात. त्या वर्षी मंडईनं पाहुण्यांबरोबर फ्लूसुद्धा घरोघर पोचवला. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी तेव्हा तुमसर तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आणि मोठ्या खोलीतल्या खाटा भरून व्हरांड्यात सतरंज्या टाकायची वेळ आमच्यावर आली होती.

मी मूळची आसगावची. धानाच्या बांधीत वाढलेली, नागपुरात नर्सिंग शिकलेली, आणि स्वभावानं तिखट. हे शेवटचं मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मीच आधी सांगून टाकते. माझ्या सासूबाई लग्नाच्या बैठकीतच म्हणाल्या होत्या, "पोरगी कामाची आहे, पन बोलताना जवळ पानी ठेवा." मी ते बोलणं कधी मनाला लावून घेतलं नाही. सरकारी दवाखान्यात गोड बोलणाऱ्या सिस्टरची फुलपात्रंसुद्धा चोरीला जातात.

पण एका बाबतीत मी भल्याभल्यांना हार जाणारी नव्हते. रोग्याकडे पाहून तो कोणत्या बाजूला चाललाय, हे मला कळायचं. आणि त्या थंडीत नेमकी त्याचीच गरज होती. आमचे डॉक्टर नाशिककडचे, माझ्याच वयाचे, कामाला वाघ. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बसवून समजावलं होतं की या तापावर औषध नाही. विषाणूचा ताप आहे, आला तसा जाईल, बहुतेक जण पेज पिऊन आणि पडून राहून बरे होतील. पण थोड्या जणांच्या छातीत तो उतरेल, आणि ते थोडे कोण, हे आपल्याला त्यांचं बिघडण्याआधी ओळखायचंय. कारण प्राणवायूचा चालू सिलिंडर एकच, आणि डोकं वर उचलता येईल अशी लोखंडी खाटही एकच. दम लागलेल्या माणसाला आडवं टाकलं की त्याचा दम आणखी वाढतो, बसतं ठेवलं की थोडी उसंत मिळते, एवढं तर घरच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं.

ती एकुलती खाट माझ्या टेबलाला लागून होती. सिलिंडर तिच्या डोक्याशी भिंतीला साखळीनं बांधलेला. खाटेवर पांढऱ्या रंगानं १ हा आकडा काढलेला होता. ज्याची काळजी वाटायची त्याला तिथं आणायचं, माझी नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही, जरा सुधारला की मागच्या खाटेवर हलवायचं आणि पुढच्याला आणायचं. एवढी साधी आमची पद्धत.

रोज सकाळी डॉक्टर आणि मी आज कोण बिघडेल याचं मनातल्या मनात एक नाव ठरवायचो आणि मग एकमेकांना सांगायचो. ते छातीला नळी लावून ठरवायचे, मी पायथ्याशी उभी राहून. कधी त्यांचं खरं व्हायचं, कधी माझं. बहुतेकदा आमचं नाव एकच निघायचं, आणि तेव्हा आम्ही दोघंही जरा उदास व्हायचो. मी आधी नाकपुड्या बघायची, मग गळ्याखालचा खड्डा, मग ओठ आणि नखं. त्यानंतर गप्पा. "यंदा बांधीत कोनतं धान आहे?" असं विचारायचं. "लुचई आहे बाई, थोडं चिन्नोर लावलं, पानी बरं होतं यंदा," एवढं जो एका दमात बोलेल त्याची मला चिंता नसायची. "लुचई" म्हणून जो थांबेल आणि पुढच्या शब्दासाठी खांदे उचलेल, त्याचं अंथरूण मी लगेच एक नंबरवर घालायची.

आणि एक खूण मी स्वतःची काढली होती. राग. ज्याला राग येतो तो रोगी मला आवडतो. पेज अळणी आहे, सुई दुखते, शेजारचा घोरतो, असं जो कुरकुरतो तो अजून या जगात पाय रोवून उभा असतो. उगाच बरळणं वेगळं. नेमक्या माणसावर नेमक्या कारणानं चिडायला डोकं जागेवर लागतं. काल भांडणारा आज शहाण्यासारखा सगळं करू द्यायला लागला की मी त्याला एक नंबरवर घ्यायची. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, मग विचार करून म्हणाले, "बरोबर आहे सिस्टर, मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस शांत होत जातो." आणि हसत पुढे म्हणाले, "या हिशोबानं तुम्ही शंभर वर्षं जगणार."

आता लोकांचं काय झालं ते सांगते. खोलीत रोग्यांबरोबर त्यांचे नातेवाईकही राहायचे, खाटांच्या मधे चटया टाकून. बसल्या बसल्या त्यांना एकच उद्योग, आमच्याकडे बघत राहायचं. आणि ते बघत होते की सिस्टरबाई ज्याला एक नंबरवर नेते त्यातले काही जण तिथंच संपतात. आठवड्याभरात खोलीत एक गोष्ट पक्की झाली. ती खाट मरणाऱ्याची. मी नुसती चादर बदलायला एक नंबरकडे वळले तरी खोली चिडीचूप व्हायची. नाकाडोंगरीकडच्या एका घरानं तर मी "उचला" म्हणताच म्हाताऱ्याला उचललं ते थेट खाचरात, आमच्याकडच्या छोट्या बैलगाडीत, घातलं आणि घरी नेलं. "घरी जाऊ द्या बाई, आपल्या घरात जाऊ द्या." मी रस्त्यापर्यंत भांडत गेले. काही उपयोग झाला नाही.

अशात एका सकाळी सिहोऱ्याची एक बाई आली. विधवा. नवरा गेल्यापासून शेती तिनंच सांभाळलेली. बरोबर तिचा मोठा लेक आणि धाकटा दीर. आल्या आल्या तिनं दिराला झापलं की तनस, म्हणजे धानाचा पेंढा, नीट का पसरली नाही, खाचरात सगळी हाडं दुखली. मग मला म्हणाली, "सुई द्यायची असन त लवकर दे बाई, चुरणी राहिली हाये माही, पुंजणे तसेच उभे हायेत." धान कापून रचलेलं, मळणी व्हायची, आणि ही इथं तापानं फणफणलेली. मला ती बघताक्षणी आवडली. एका दमात एवढं बोलली म्हणून तिला मागची खाट दिली.

दुपारी पुन्हा तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "काय मावशी, पुंजणे किती?" तिनं तोंड उघडलं, दोन शब्द बोलली, आणि तिसऱ्यासाठी खांदे वर गेले. ओठ जांभळट दिसायला लागले होते. मी दीर आणि लेकाच्या मदतीनं तिला एक नंबरवर आणलं, खाटेचं डोकं वर केलं, प्राणवायूची नळी लावली आणि डॉक्टरांना बोलवायला मागच्या क्वार्टरकडे धावले. डॉक्टर जेवायला बसले होते. ते हात धुऊन येतो म्हणाले, मी पुढे परतले.

येऊन बघते तर खाट रिकामी. बाई खाली फरशीवर, आडवी. नळी काढून बाजूला टाकलेली, सिलिंडरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत उगाच बुडबुडे निघताहेत. दिरानं तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं आणि चमच्यानं पाणी घालत होता. लेक पायाशी बसून रडत होता. खाटेवर जीव जाऊ नये, भुईवर जावा, ही आमच्याकडची रीत. माझ्या आजोबांनाही असंच खाली घेतलं होतं. पण त्यांचं सगळं संपलेलं होतं. हिचे डोळे उघडे होते.

"काहून उतरवलं हिले खाली?" मी ओरडले. खोलीभर माना वळल्या.

लेकानं तोंड वर केलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुमीच त सांगतलं ना बाई."

"मी काय सांगतलं?"

"ही खाट देल्ली ना तुमी."

 मी तिला वाचवायला तिथं नेलं होतं. त्यांनी तो निकाल समजला आणि मन घट्ट करून आपलं कर्तव्य केलं. माझंच ओळखणं त्या बाईच्या छातीवर बसलं होतं. दीर म्हणाला, "आमी घरी नेऊन राहिलो बाई. पोरींले सांगावा धाडला. अंधाराच्या आत पोचतो." उघड्या खाचरातून, त्या थंडीत, आडवी घालून ते तिला सिहोऱ्याला नेणार होते. ती वाटेतच जाणार हे सांगायला ना छातीला नळी लावायला लागत होती, ना नखं बघायला लागत होती.

तेवढ्यात तिनं हात वर केला आणि दिराच्या हातातला चमचा उडवला. मान वळवून तुळशीचं पान थुंकली. तिच्याकडे बोलायला दम नव्हता, पण दिराकडे तिनं असं पाहिलं की मी त्याच्या जागी असते तर गाव सोडलं असतं.

लेकानं माझ्याकडे पाहिलं. "वाचन का माय?"

असा प्रश्न आला की आम्ही काय म्हणावं हे ठरलेलं होतं. प्रयत्न चालू आहेत, देवावर भरोसा ठेवा. मीही हे वाक्य शेकडो वेळा बोलले होते. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी खाली वाकले, तिच्या काखेत हात घातले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाचते तुझी माय. मरनाऱ्याले मी माझ्या टेबलाजवळ कायले आनू? सिलिंडर काय माझ्या घरचा आहे उधळायले? चाल, पाय धर तिचे."

तो उठला. दीरही उठला. दारात डॉक्टर येऊन उभे होते, त्यांनीही हात लावला. तिला परत बसतं केलं, नळी लावली. थोड्या वेळानं डॉक्टर मला हळूच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही शब्द दिलात. माझ्या मते होईल किंवा होणार नाही, दोन्ही सारखंच आहे."

"माझ्याही मते तसंच आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छातीतल्या न्यूमोनियासाठी पेनिसिलिनची बाटली मागितली. या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

संध्याकाळी लेकी आल्या, त्यांच्याबरोबर सोयरे आले, सांगावा ऐकून सगळे रडतच आले. एकाच्या काखेत कोरं कापड होतं, ते मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. लेकींना चूल दाखवली आणि म्हटलं, रडायचं असेल तर पेज शिजवता शिजवता रडा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गप्प झाली. पेज दिली तर प्यायली, कूस बदलली तर बदलू दिली, सुई टोचली तर हूं की चूं नाही. हीच ती माझी खूण. शब्द माझा गेला असता तर गेला असता. खोलीनं मला खोटारडी म्हटलं असतं तेही सोसलं असतं. पण ही बाई मला हवी होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मावशी, तुमचे भाऊजी म्हनून राहिले, बुढीची वाट कायले पाहाची, उद्या चुरणी लावून देतो." बिचाऱ्या दिरानं असं काहीही म्हटलं नव्हतं. तिनं हळूहळू डोळे उघडले आणि वटारले. मी टेबलाशी जाऊन बसले आणि नोंदी लिहायचं नाटक करत पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर ती चढाला लागली. नखांचा रंग परतला, वाक्यं लांब होत गेली, शिव्याही. मग नेहमीसारखं तिला मागच्या खाटेवर हलवलं. तिथं ती मांडी घालून पेज खात होती, आणि बाहेर आंघोळीला गेलेला दुसऱ्या एका रोग्याचा भाऊ आत आला. त्यानं रिकामी एक नंबरची खाट पाहिली, तिथंच थबकून हात जोडले आणि म्हणाला, "गेली का बिचारी? चांगली होती."

"कोन गेली रे?" मागून आवाज आला.

तो इतका दचकला की हातातला लोटा सुटला. खोलीत हशा पिकला. त्या साथीत पहिल्यांदाच सगळी खोली हसली असेल. मी मात्र हसता हसता थांबले. मला आमची चूक दिसली होती, आणि ती इतकी उघडी होती की डॉक्टरांच्या आणि माझ्या नजरेसमोर असून दोघांना दिसली नव्हती. जो एक नंबरवर मरायचा तो एक नंबरवरच मरायचा, सगळ्यांच्या देखत. आणि जो तिथं वाचायचा त्याला आम्ही गुपचूप मागे हलवायचो. मग तो घरी जायचा तो चार नंबरवरून, सात नंबरवरून. त्या खाटेवरून चालत घरी गेलेला माणूस खोलीनं कधी पाहिलाच नव्हता. लोक वेडे नव्हते. जे दिसत होतं त्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता, आमच्यासारखाच.

त्याच दिवशी मी नवा नियम काढला. ज्याला सुट्टी मिळेल त्यानं आधी एक नंबरच्या खाटेवर येऊन बसायचं. केस विंचरून, स्वच्छ कपडे घालून. डॉक्टर तिथंच शेवटचं तपासणार, तिथंच कागद देणार, आणि तिथूनच उठून तो दारातून बाहेर जाणार. खाटेवर कोणी रोगी असेल तर त्याच्या पायथ्याशी टेकायचं, म्हणजे त्यालाही दिसेल. डॉक्टर म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "सगळं पुस्तकातच असतं तर सरकारनं मला कशाला ठेवलं असतं?" पण त्यांनी नियम मान्य केला, आणि पाळलाही.

पंधरवड्यात खोलीचं बोलणं फिरलं. पुढे कोणी त्या खाटेला नाही म्हटलं नाही, कोणाला खाली उतरवलं नाही. पुढच्या दशकात मी तिथं होते तोवर दर थंडीत हा नियम चालला. उलट त्रास सुरू झाला. ज्याला गळू झालंय तोही म्हणायचा, मले एक नंबर द्या बाई, तो नंबर लकी आहे. नवीन आलेल्या डॉक्टरांना हा काय प्रकार ते कळायचं नाही, मग मी त्यांना खुर्चीवर बसवून पहिल्यापासून सांगायची, आणि सांगताना माझी मान जरा ताठच असायची. अजूनही आहे. नोकरीत मला बदल्या मिळाल्या, मेमो मिळाले, निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण एक नंबरच्या खाटेवर बसून केस विंचरणारी माणसं मी जितकी पाहिली, तितकी मिरवावी अशी गोष्ट माझ्याकडे दुसरी नाही.

त्या नियमानं घरी जाणारी पहिली तीच, सिहोऱ्याची. सुट्टीच्या दिवशी ती खाटेवर ऐटीत बसली होती. लेकींनी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. लेक आणि दीर बाहेर खाचराला बैल जुंपत होते. डॉक्टर कागद देऊन गेले. मी तिच्या हातावरची सुईच्या जागेची पट्टी सोडत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"खरं सांग बाई. त्या दिवशी तुले वाटलं होतं का, मी वाचीन म्हनून?"

मी खोटं बोलू शकले असते. पण तिच्या डोळ्यांत बघून ते जमलं नाही. "अर्धं वाटलं होतं."

"आनि अर्धं?"

"अर्धं नाई वाटलं."

"मग एवढ्या जोरानं काहून बोलली?"

"तुमी खाली पडून आयकून राहिल्या होत्या म्हनून."

 माझं मनगट सोडून तिनं पदर नीट केला आणि पाय खाली टेकवले.

"आयकलं मी," ती म्हणाली. "म्हनून थांबली. नाई त निघालीच होती."